दीड लाखाचा ग्राफिक डिझाईन डिप्लोमा केला, त्याचा हा रिव्ह्यू

क्लासचं नाव घेणार नाहीये. एकतर तिथल्या दोघांशी माझं अजून चांगलं आहे, आणि दुसरं म्हणजे हे काही एकट्या त्यांचंच नाही, पुण्यात अशा पाट्या दर चौकात आहेत आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच. तर एक वर्षाचा ग्राफिक डिझाईन डिप्लोमा, फी १,३५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,५९,३००, तीन हप्त्यांत. जीएसटीचं काउन्सेलर मॅडमनी सांगितलं तेव्हा बाबांनी सहीसाठी पेन उचललेलं होतं. ५ पैकी अडीच स्टार देतेय. त्यातला दीड एका सरांचा, आणि ते तिसऱ्या महिन्यातच सोडून गेले.

मी मूळची कराडची, बीकॉम, त्यानंतर दोन वर्षं एका पतसंस्थेत कॅशला बसत होते. चित्रकलेत म्हणाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, पण खरं वेड चित्राचं नव्हतंच, अक्षराचं होतं. शाळेत फलकलेखन कायम माझ्याकडे, १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी चार वाजल्यापासून स्टुलावर उभी राहून रंगीत खडूने 'स्वातंत्र्य दिन चिरायू होवो' काढायचं, आणि 'स्वातंत्र्य' मधला त्र्य नीट जमला की मगच घरी जायचं. पतसंस्थेत पण ठेवींच्या व्याजदराची पाटी मीच लिहायचे. मग ऑनलाईन सगळे ग्राफिक डिझाईन ग्राफिक डिझाईन करताना दिसायला लागले आणि मला वाटलं अरे हेच तर आपलं काम आहे, याचे पैसे मिळतात होय. बाबा तयार झाले, पण नातेवाईकांना त्यांनी सांगितलं की मुलगी पुण्याला कॉम्प्युटर कोर्सला गेली आहे. अजूनही तेच सांगतात.

ॲडमिशनच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, हे क्षेत्र का निवडलं. आमच्या बॅचला १८ जण होते आणि मला वाटतं १८ जणांनी एकच शब्द लिहिला असणार, पॅशन. मीपण.

आता क्लास. आधी चांगलं सांगते. एसी चालायचा, मशीन प्रत्येकाला स्वतंत्र, बॅच सकाळी दोन तास आणि प्रॅक्टिसला दुपारी कधीही बसा कोणी उठवणार नाही, हे खरंच पाळलं त्यांनी. फोटोशॉप चार महिने, इलस्ट्रेटर तीन, कोरल दीड, इनडिझाईन एक महिना, फिग्मा दोन आठवडे, शेवटी पोर्टफोलिओ. सॉफ्टवेअर शिकवतात, त्यात खोट नाही. पेन टूल माझं आज जे काही चालतं ते तिथलंच. पण झालं असं की सॉफ्टवेअर म्हणजेच डिझाईन असा सगळा कारभार. आज हे बटण, उद्या ते बटण, सरांच्या स्क्रीनवर जे आहे तेच आपल्या स्क्रीनवर आलं की झालं, पुढचं. एखाद्या मुलीने विचारलं की सर हा फॉन्टच का, तर उत्तर यायचं 'क्लीन दिसतो'. पूर्ण वर्षात 'क्लीन दिसतो' हे मी इतक्या वेळा ऐकलं की रूममेट भांडी घासून झाली की तेच म्हणायची.

आणि घरी प्रॅक्टिस करायला सॉफ्टवेअर कुठून आणायचं हे विचारलं तर सर हसून म्हणाले, मागच्या बॅचची मुलं सांगतील. सांगितलं त्यांनी. यापुढे काही लिहीत नाही.

ते दीड स्टारवाले सर. जेजे अप्लाईडचे, म्हणजे मुंबईच्या जेजे कॉलेजात जाहिरातीची कला शिकलेले, साठीच्या पुढचे, अ‍ॅड एजन्सीत आयुष्य गेलेलं. पहिल्याच लेक्चरला त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला लावले आणि काळ्या कागदातून कात्रीने अक्षरं कापायला दिली. दोन अक्षरं फुटपट्टीने सारख्या अंतरावर ठेवली तरी डोळ्याला सारखी दिसत नाहीत, ए आणि व्ही शेजारी आले की मधे खड्डा पडतो, तो डोळ्याने भरायचा असतो, हे कर्निंग आम्ही कागद सरकवून शिकलो. पुढच्या आठवड्यात ते पेपरातल्या नाटकांच्या जुन्या जाहिरातींची कात्रणं घेऊन आले, कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची नावं. शेडगे २०२० साली गेले, पण मराठी नाटकाची जाहिरात ज्यांनी ज्यांनी पेपरात बघितली त्यांच्या डोळ्यांत त्यांचं अक्षर बसलेलं आहे, नाव माहीत नसेल तरी. सर म्हणाले, नाटक बघितलेलं नसताना नुसत्या अक्षरावरून सांगा, हे विनोदी की गंभीर. १८ पैकी १६ जणांनी बरोबर सांगितलं. मी त्या दिवशी हॉस्टेलवर जाऊन आईला फोन केला की पैसे वसूल आहेत. पुढच्या महिन्यात सर गेले. का गेले ते कोणी सांगितलं नाही, त्यांच्या जागी आलेला मुलगा आमच्याच क्लासचा दोन वर्षांपूर्वीचा विद्यार्थी.

त्यानंतर मराठी अक्षर क्लासमध्ये दिसलं ते थेट सर्टिफिकेट वाटपाच्या बॅनरवर.

मी खरंच सांगतेय, एक वर्ष, आठवड्याला पाच दिवस, आणि देवनागरीचा एक असाइनमेंट नाही. लोगो केला तो कॉफी शॉपचा. पॅकेजिंग केलं ते ऑरगॅनिक ग्रॅनोलाचं, जे आमच्यातल्या निम्म्यांनी खाल्लेलं नव्हतं. पोस्टर केलं जॅझ फेस्टिव्हलचं. स्विस पोस्टर, ग्रिड, हेल्व्हेटिका हा इंग्रजी फॉन्ट १९५७ चा, हे सगळं स्लाईडवर आलं, आणि यावं, माझी त्याला ना नाही. पण मंगल हा विंडोजमधला देवनागरी फॉन्ट, ज्याच्यात आपण सगळ्यांनी आयुष्यात कधीतरी अर्ज टाईप केलाय, तो र. कृ. जोशींनी केला, ते जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाईनच्या विभागात शिकवायचे, हे मला कराडच्या मुलीला पुण्यात दीड लाख भरून कळू नये? नंतर माझं मी वाचलं तेव्हा राग आला, खरं सांगते.

प्लेसमेंटबद्दल थोडक्यात. जाहिरातीत '१००% प्लेसमेंट असिस्टन्स' असं असतं, त्यातला असिस्टन्स शब्द चष्मा लावून वाचा. मला तीन इंटरव्ह्यू मिळाले, त्यातल्या एका सोशल मीडिया एजन्सीत १२,००० वर लागले. काम काय, तर दिनविशेष. एक क्लायंट दातांचा डॉक्टर, एक टाइल्सवाला, एक बिल्डर, आणि तिघांनाही आषाढीला विठ्ठल, नागपंचमीला नाग, जागतिक हास्यदिनाला हास्य. टाइल्सवर नाग कसा बसवायचा यावर आमची अर्धा तास मीटिंग झालेली आहे. पाच महिन्यांत सोडलं.

मग लागले प्रेसमध्ये. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, खाली ऑफसेट मशीन, वर पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर, मालक म्हणजे सगळ्यांचे काका. पगार १५,०००. आणि इथे मला कळलं की मला काहीच येत नाही.

पहिल्याच दिवशी लग्नपत्रिका. मजकूर व्हॉट्सॲपवर आलेला, मी कॉपी केला, इलस्ट्रेटरमध्ये पेस्ट केला, आणि 'चि. सौ. कां.' मधल्या चि ची वेलांटी च च्या मागे जाऊन बसली. 'श्री' चा श वेगळा, पाय मोडलेला, र वेगळा. मला वाटलं फॉन्ट खराब आहे म्हणून मी एकामागोमाग सात फॉन्ट बदलले. काका मागे उभे. शेवटी शेजारच्या मशीनवरचा दादा, दहावी पास, बारा वर्षं तिथेच, त्याने प्रेफरन्समध्ये जाऊन टाईपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' ला टिक केलं, पॅराग्राफच्या पॅलेटमध्ये जाऊन कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग बदलली, साऊथ एशियन असं लिहिलेलं असतं ती, आणि सगळी जोडाक्षरं एका क्षणात जागेवर. जुन्या व्हर्जनला हे करावंच लागतं. पाच सेकंदांचं काम. वर्षभरात पाच सेकंद मिळाले नाहीत क्लासला.

आणि ही झाली युनिकोडची, म्हणजे फोनवर-नेटवर चालतं त्या मराठीची गोष्ट, प्रेसमध्ये निम्म्या फाइल जुन्या, श्रीलिपीतल्या, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमधल्या. ते वेगळंच जग आहे, फाइल उघडली आणि फॉन्ट मशीनवर नसला की अख्खी पत्रिका इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि युनिकोडचा मजकूर त्यात तसाच पेस्ट केला तर चालत नाही, कन्व्हर्ट करून घ्यावा लागतो, केल्यावर रफार उडालाय का बघायचं, 'र्‍या' तपासायचा, मग प्रूफ. म्हणजे 'आचार्य' चा 'आचाय' होऊन छापून आला तर आचार्य मंडळी पैसे देत नाहीत.

दुसरा धडा माझ्या चुकीचा, तो क्लासवर ढकलत नाही, पूर्ण ढकलत नाही म्हणू. वास्तुशांतीच्या ५०० पत्रिका, आयव्हरी कागद, बारीक मजकूर काळ्यात. मी फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत केली आणि शेवटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत बदलली, जसं क्लासमध्ये करायचो. आता होतं काय की स्क्रीनवरचा काळा असा बदलला की तो एकटा काळा राहत नाही, चारही शाईंचं मिश्रण होतो. म्हणजे ते सात-आठ पॉइंटचं अक्षर चार प्लेटवर चार वेळा छापलं जाणार, आणि मशीनवर कागद केसभर जरी सरकला की अक्षराला गुलाबी सावली. सरकलाच. ५०० च्या ५०० पत्रिका अशा दिसत होत्या की वाचणाऱ्याला वाटावं आपल्याला नवीन चष्मा लागला. बारीक मजकूर कायम नुसत्या काळ्यात, के १००, बाकी तिन्ही शून्य, हे प्रेसमधलं शेंबडं पोर सांगेल. काकांनी मला खाली मशीनपाशी नेलं, भिंग हातात दिलं आणि म्हणाले बघ. रागावले नाहीत. कागदाचे पैसे मात्र पगारातून दोन हप्त्यांत कापले, ते मला पटलं.

तेव्हापासून मी प्रत्येक फाइल पाठवायच्या आधी एकेक प्लेट वेगळी करून बघते. ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडेची जादा जागा, तीन एमएम सोडलाय का, फोटो ३०० डीपीआय आहे का, फॉन्ट कर्व्ह केले का, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले का. क्लासमध्ये 'एक्स्पोर्ट' म्हणजे जेपीजी, संपलं. आमच्या १८ जणांत एकानेही वर्षभरात छापखाना आतून बघितला नव्हता, आणि तो क्लासपासून चालत दहा मिनिटांवर होता.

फ्लेक्सबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण या धंद्यात सगळे फ्लेक्सला नाकं मुरडतात आणि सगळ्यांची घरं त्यावर चालतात. वाढदिवसाचा फ्लेक्स, दहा बाय वीस फुटी. मधे ज्यांचा वाढदिवस ते, पांढरे कपडे, फोन कानाला. वर डाव्या कोपऱ्यात पक्षाचे मोठे नेते, गोलात. खाली शुभेच्छुक. माझ्या पहिल्या फ्लेक्सला शुभेच्छुक ४३. त्रेचाळीस चेहरे, त्यातले तीस व्हॉट्सॲपचे डीपी, दोन लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेले, एकाच्या खांद्यावर कोणाचातरी हात राहिलेला. मी ग्रिड लावून सगळे सारख्या मापाचे छान बसवले. क्लीन दिसतो! दादा बघून खो खो हसला. म्हणाला, ताई, हा माजी नगरसेवक आणि हा परवा पक्षात आलेला पोरगा एका मापाचे केलेस, उद्या दुकान फोडतील. मग त्याने समजावलं, कोणाचं डोकं कोणाच्या डोक्याच्या वर जाणार नाही, कोणाचं नाव कुठल्या रंगात, कोण कोणाच्या शेजारी चालत नाही, कोणाच्या नावामागे 'भाऊ' पाहिजे आणि कोणाच्या मागे 'शेठ'. क्लासमध्ये व्हिज्युअल हायरार्कीवर, म्हणजे आधी काय दिसावं आणि मग काय यावर चाळीस स्लाईड होत्या, त्या सगळ्या मला त्या एका संध्याकाळी कळल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग काय क्लास लावूच नये का. तसं नाही म्हणत मी. ज्याला माऊसच धरता येत नाही त्याला कोणीतरी समोर बसवून शिकवणारं लागतं, आणि रोज सकाळी उठून जायची सवय लागते हेही कमी नाही. पण दीड लाखाला नाही. बारावी झालेलं पोर घरात असेल तर आधी सीईटी द्यायला लावा, अप्लाईड आर्टला चार वर्षांचं बीएफए आहे, मुंबईचं जेजे आहे, पुण्यात अभिनव आहे, बी.डेससाठी, म्हणजे डिझाईनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा, एनआयडी या डिझाईनच्या राष्ट्रीय संस्थेची वेगळी परीक्षा. अवघड आहे, जागा कमी आहेत, पण तिथे हाताने काम करून घेतात. माझ्यासारखं बीकॉम होऊन गाडी सुटलेली असेल तर आयडीसीवाल्यांची डी-सोर्स नावाची साईट आहे, फुकट, त्यावर टायपोग्राफीपासून लाकडी खेळण्यांपर्यंत धडे आहेत, मला ती कळली प्रेसमध्ये लागल्यावर. फॉन्टसाठी पैसे खर्च करायच्या आधी 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे मुक्त, बलू, मोदक वापरून बघा, गूगल फॉन्ट्सवर आहेत, ओपन लायसन्सचे, क्लायंटच्या कामाला बिनधास्त चालतात. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर इंकस्केप, फुकट आहे, दिसायला साधं आहे पण जोडाक्षरं नीट बसवतं. आणि महिनाभर तरी एखाद्या प्रेसमध्ये जाऊन बसा, पगार नाही दिला तरी.

एक बारीक गोष्ट राहिली. ल आणि श. आपला मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा, हिंदी वळणाचा ल दंडाचा आणि श शेंडीफोड्या. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं, मराठी वळण आत कुठेतरी दडलेलं असतं, ग्लिफ्सच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या आकारांच्या पॅलेटमधून शोधून काढावं लागतं. २०२२ मध्ये सरकारने पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा असा शासननिर्णयही काढलाय. काही जण म्हणतील काय फरक पडतो. ज्या बाईने स्टुलावर उभं राहून फळ्यावर ल काढलाय तिला पडतो. मी आता फ्रीलान्स करते, दिवाळी अंकाची पानं लावते, दोन पुस्तकांची मुखपृष्ठं झाली, एका मिसळवाल्याची अख्खी पाटी आणि मेन्यू केला, आणि प्रत्येक ठिकाणी ल बदलून देते. मिसळवाल्याला कळलंच नाही. पैसे वेळेवर दिले त्याने, चौदा हजार, त्यापेक्षा जास्त कमाई अजून दर महिन्याला होतेच असं नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर परत पॅशन पॅशन म्हणत कोणीतरी पतसंस्था सोडेल.

तर डेमो लेक्चरला जाल तेव्हा एक करा. फी, प्लेसमेंट, एसी काही विचारू नका. फक्त म्हणा, सर जरा 'श्री विठ्ठल-रुक्मिणी' टाईप करून दाखवता का. ठ्ठ आहे, क्मि आहे, श्री आहे, सगळं एकाच ओळीत निघतं. गेल्या मे मध्ये माझी मावसबहीण डेमोला गेली, त्याच क्लासला, मी सोबत होते, शेवटच्या बाकावर तोंड लपवून. तिने विचारलं. नवीन मॅडम होत्या, त्यांनी टाईप केलं, मोठ्या पडद्यावर ठ खाली पाय मोडून पडलेला आणि क आणि मि एकमेकांपासून लांब. मॅडम म्हणाल्या, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, इंग्लिशमध्ये परफेक्ट येतं. आम्ही खाली उतरून चहा घेतला आणि तिला घेऊन काकांच्या प्रेसमध्ये गेले. आता ती दादाच्या शेजारी बसते.